बीजिंगची स्वस्त सहल आणि अण्णांची नाडीपरीक्षा

भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून आई-वडिलांना घेऊन एकदा तिकडे जाऊन यावे असा विचार करणारी अनेक कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत, आणि हा अनुभव मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे. परदेशी पर्यटकांना गोड बोलून चहाघरात नेणाऱ्या आणि चार घोट चहाचे हजारो युआनचे बिल पुढे ठेवणाऱ्या टोळ्यांविषयी बीजिंगला जाण्याची तयारी करताना बहुतेकांनी वाचलेले असते. आमच्या बाबतीत घडलेला प्रकार निराळा होता. त्यात नेम धरला होता तो माझ्या वडिलांच्या दुखण्यावर, आणि त्यासाठी वापरली गेली ती माझी त्यांच्याविषयीची काळजी.

अण्णा मूळचे सोलापूरचे, पोस्टातून निवृत्त झालेले. चीन म्हटले की सोलापूरच्या माणसाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. हेबेई प्रांतातील शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांच्या स्मृतिउद्यानात त्यांची समाधी आहे. ती पाहावी ही अण्णांची फार जुनी इच्छा होती, आणि आमच्या प्रवासाचे खरे निमित्तही तेच होते. बीजिंगहून वेगवान रेल्वेने आम्ही तिथे गेलो. आम्ही डॉ. कोटणीसांच्या गावचे आहोत हे मोबाइलवरच्या भाषांतरातून कळल्यावर उद्यानात भेटलेल्या एका वयस्क चिनी जोडप्याने अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचे वाचून कुणी सबंध देशाविषयी वाईट मत करून घेऊ नये. आणि दुसरे कारण असे, की अण्णांच्या मनातला हाच जिव्हाळा नंतर त्यांच्याविरुद्ध वापरण्यात आला.

बीजिंगच्या त्यानमेन चौकाच्या दक्षिणेला छ्यानमेन हा जुन्या वेशीचा भाग आहे. महाभिंतीकडे जाणाऱ्या अधिकृत पर्यटन बसगाड्या या परिसरातून सुटतात, आणि म्हणूनच त्यांच्यासारखे दिसण्याचा प्रयत्न करणारे दलालही तिथेच उभे असतात. गळ्यात छायाचित्राचे ओळखपत्र अडकवलेल्या अशाच एका गृहस्थाने आम्हाला रंगीत कार्ड दिले. महाभिंतीचा बादालिंग हा प्रसिद्ध भाग, मिंग राजवंशाच्या समाध्या, दुपारचे जेवण आणि इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक, हे सारे माणशी १०० युआनमध्ये, म्हणजे आपल्या साधारण बाराशे रुपयांत मिळेल असे त्यावर लिहिले होते.

या आकड्याचा हिशेब प्रत्येकाने निघण्यापूर्वी मांडून पाहावा. एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात एकट्या बादालिंगचे प्रवेशशुल्क ४० युआन असते. समाध्यांचे तिकीट वेगळे, त्यात जेवण, बसचे इंधन, टोल, चालकाचा आणि मार्गदर्शकाचा रोज. शंभर युआनमध्ये हे बसत नाही. तूट भरून निघते ती वाटेतल्या दुकानांकडून मिळणाऱ्या दलालीतून, आणि त्यामुळे अशा सहलीत भिंत हे केवळ निमित्त उरते. हा प्रकार चीनमध्ये इतका बोकाळला होता, की १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या तिथल्या पर्यटन कायद्याच्या ३५ व्या कलमाने अवाजवी कमी दराच्या सहली काढून, पर्यटकांना खरेदीला लावून दलाली कमावण्यास स्पष्ट मनाई केली. मनाई झाली तरी धंदा बंद पडलेला नाही.

बसमध्ये बसल्यावर मार्गदर्शक तरुण एकेका आसनापाशी येऊन विचारपूस करू लागला. त्याचे बोलणे अतिशय अदबीचे होते. सहलीच्या विम्यासाठी म्हणून त्याने प्रत्येकाचे नाव, वय आणि देश लिहून घेतला, आणि ज्येष्ठांना वाटेत काही त्रास झाला तर माहीत असावे म्हणून त्यांचे आजार आणि चालू असलेली औषधेही विचारली. अण्णांनी मोकळेपणाने सगळे सांगितले: गुडघे दुखतात, रक्तदाब आहे, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज घ्यावी लागते. सोलापूरचा आणि डॉ. कोटणीसांचा विषयही निघाला. तरुणाला त्यांचे चिनी नाव माहीत होते, आणि ते त्याच्या तोंडून ऐकताच अण्णांचा चेहरा फुलला. त्या कागदावर काय काय लिहिले गेले आणि तो कागद दिवसभर कुणाकुणाच्या हाती गेला, हे आम्हाला दिसत नव्हते.

पहिला थांबा जेड या मौल्यवान दगडाच्या दुकानाचा होता. जेडविषयी एवढेच सांगते, की चीनमध्ये त्याच्या व्यापारात नैसर्गिक दगडाला ए, आम्लाने धुऊन राळ भरलेल्या दगडाला बी आणि रंगवलेल्याला सी असे म्हणतात, आणि हा फरक प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय नुसत्या डोळ्यांनी कळणे आपल्यासारख्याला शक्य नसते. आम्ही तिथे काहीच घेतले नाही. मिंग समाध्यांपाशी बस जेमतेम थांबली. तेरा सम्राट जिथे पुरले आहेत तो परिसर आम्ही बहुतांशी खिडकीतून पाहिला.

त्यानंतर आम्हाला भिंतीवर नेले ते बादालिंगला नव्हे, तर त्याच्या अलीकडे लागणाऱ्या शुइग्वान या भागात. तिथला चढ तीव्र आहे, पायऱ्या उंच आणि असमान आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे चढू नये असेच मी आता सांगेन. बादालिंगला आणि भिंतीच्या मुत्यान्यू या दुसऱ्या भागात रोपवेच्या पाळण्यातून वर जाण्याची सोय आहे, आणि त्याच भरवशावर आम्ही निघालो होतो. मार्गदर्शकाने सांगितले की बादालिंगला आज फार गर्दी आहे आणि भिंत शेवटी एकच आहे. अण्णा हट्टाने एका बुरुजापर्यंत चढले आणि उतरताना त्यांना कठड्याचा आधार घेत, एकेका पायरीवर थांबत यावे लागले. थांब्यांचा हा क्रम सहज ठरलेला नव्हता असे मी मानते. चढून दुखावलेले पाय घेऊन म्हातारी माणसे बसमध्ये परतली, की लगेच पुढचा थांबा येतो तो पारंपरिक चिनी वैद्यकाच्या ‘संशोधन केंद्रा’चा.

इमारत मोठी आणि स्वच्छ होती. भिंतींवर रुग्णांनी कृतज्ञतेने दिलेल्या लाल रेशमी पताका होत्या आणि मान्यवरांच्या भेटींची छायाचित्रे होती. आम्हाला एका दालनात बसवून सुरुवातीला चिनी वैद्यकाच्या परंपरेवर व्याख्यान देण्यात आले, मग गणवेशातील मुलांनी ज्येष्ठांचे पाय औषधी काढ्याच्या गरम पाण्यात ठेवले आणि हलक्या हातांनी चोळायला सुरुवात केली. हे सगळे विनामूल्य होते. भिंतीच्या पायऱ्यांनी दमलेल्या अण्णांना त्याने खरोखरच आराम वाटला, आणि तेवढ्यात पांढरा डगला घातलेले, पिकल्या केसांचे एक ‘प्राध्यापक’ दुभाषी मुलीसह त्यांच्या शेजारी येऊन बसले.

त्यांनी अण्णांच्या मनगटावर तीन बोटे ठेवली, डोळे मिटले, जीभ पाहिली आणि सांगितले, की तुमचा रक्तदाब जास्त असतो, गुडघ्यांत वारा शिरला आहे, हृदयाची गती बिघडलेली आहे आणि तुम्ही रक्ताचे काहीतरी औषध घेत आहात. अण्णा थक्क झाले. त्यांच्या नाडीतून इतके सगळे ज्याने ओळखले त्या माणसावर त्यांचा विश्वास बसणे अगदी स्वाभाविक होते. यातली प्रत्येक गोष्ट सकाळी बसमध्ये लिहून घेतलेली होती, हे त्या क्षणी आमच्या दोघांच्याही लक्षात येणे कठीण होते, कारण बसमधला तो अदबशीर मुलगा आणि हा वृद्ध वैद्य यांचा एकमेकांशी संबंध असेल असे सुचवणारे तिथे काहीही नव्हते. त्यानंतर प्राध्यापक म्हणाले की आपण शिजियाझुआंगच्या एका सैनिकी रुग्णालयातून निवृत्त झालो आहोत आणि आपल्या गुरूंनी डॉ. कोटणीसांना रुग्णांवर उपचार करताना पाहिले होते. अण्णांचे डोळे पाणावले.

पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण माझ्या मते सगळी फसवणूक याच्यावर उभी असते. प्राध्यापकांनी आम्हा दोघांना वेगळे केले. दुभाषी मुलीने मला बाजूच्या खोलीत बोलावून सांगितले, की तुमच्या वडिलांची मूत्रपिंडे क्षीण होत चालली आहेत, आता उपचार केला नाही तर काही महिन्यांत त्यांना चालता येणार नाही, आणि वृद्ध माणसाच्या तोंडावर हे सांगणे योग्य नसल्याने सर तुम्हाला सांगायला लावत आहेत. बाहेर अण्णांना त्याच वेळी सांगितले जात होते, की तुमची मुलगी तुम्हाला इतक्या दूर घेऊन आली, तिच्या चेहऱ्यावर तुमची काळजी दिसते, उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर सगळा भार तिच्यावर पडेल. मी बाहेर आले तेव्हा अण्णा मला म्हणाले, “तुला नको असेल तर राहू दे, पण मला वाटतं घेऊन टाकावं. तुला पुढे त्रास नको.” मी म्हणाले, “अण्णा, तुम्हाला बरं वाटणार असेल तर पैशाचा विचार करू नका.” ते माझ्यासाठी हो म्हणाले आणि मी त्यांच्यासाठी. दोघांपैकी कुणी एकटे असते तर बहुधा विचारायला थांबले असते.

औषधाची दहा खोकी होती, तीन महिन्यांची मात्रा. डॉ. कोटणीसांच्या स्मरणार्थ सवलत म्हणून किंमत ९,६०० वरून ६,८०० युआनवर आणली गेली, म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक रुपये. खाली बस थांबली होती, मार्गदर्शक दोनदा येऊन इतर प्रवासी खोळंबल्याचे सांगून गेला. पैसे वीचॅट या चिनी मोबाइल ॲपवरून, माझ्या कार्डातून गेले. पैसे जाताच प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताने दोन खोकी फोडली आणि पहिली मात्रा कोमट पाण्याबरोबर अण्णांना तिथेच दिली. तो आपुलकीचा भाग वाटला होता. उघडलेला माल परत घेतला जात नाही, हा त्यामागचा हेतू नंतर कळला. शेवटी त्यांनी दुभाषी मुलीकरवी एक सूचना केली: ही भुकटी चालू असेपर्यंत रक्त पातळ करणारी गोळी बंद ठेवावी.

पैसे गेले याचे दुःख आहेच, पण मी हा अनुभव लिहायला बसले ती या सूचनेमुळे. ठोके अनियमित असलेल्या माणसाने वॉरफरिन मनाने बंद केले तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका असतो. ते चालू ठेवून वर अनोळखी वनस्पतींची भुकटी घेणेही सुरक्षित नाही, कारण चिनी औषधांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या दांगग्वेई आणि दानशेन या मुळ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवतात आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. काही वनस्पतींमधील ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याची प्रकरणे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात उघडकीस आली होती, आणि खुद्द चीननेही अशी एक वनस्पती २००३ मध्ये औषधांतून काढून टाकली. त्या रात्री अण्णांनी आपली गोळी डबीतून काढून बाजूला ठेवलेली मी पाहिली आणि लगेच पुण्याला आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एका वाक्यात सांगितले, की गोळी आत्ताच्या आत्ता द्या आणि त्या भुकटीचा कणही पुन्हा पोटात जाऊ देऊ नका. परतल्यावर केलेली रक्ताची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी चाचणी, सुदैवाने मर्यादेत निघाली.

चिनी वैद्यकाची मोठी सरकारी रुग्णालये तिथे आहेत, नाडी पाहणे हा त्या शास्त्राचा जुना आणि मान्य भाग आहे, आणि ज्याला तसा उपचार घ्यायचा असेल त्याने अशा रुग्णालयात नोंदणी करून, आपल्या डॉक्टरांना विचारून तो घ्यावा. रुग्णालय पर्यटकांच्या बसची वाट पाहत नसते. वेष्टनबंद मान्यताप्राप्त औषधावर चार चिनी अक्षरे, त्यापुढे एक रोमन अक्षर आणि आठ अंक असा मंजुरी क्रमांक छापलेला असतो; पारंपरिक औषधांसाठी ते अक्षर झेड असते. आमच्या खोक्यांवर असा क्रमांक नव्हता आणि घटकांची नावेही नव्हती. हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीने पावती वाचून दाखवली, तेव्हा तीवर औषध हा शब्दच नसल्याचे समजले. तिथे लिहिले होते ‘स्थानिक वस्तू’.

महाभिंत पाहायला अशा सहलीची मुळीच गरज नाही. बीजिंगहून झांगजियाकौकडे जाणाऱ्या वेगवान रेल्वेवर बादालिंग महाभिंत हे स्थानक आहे, ते २०१९ च्या ३० डिसेंबरला सुरू झाले, जमिनीखाली शंभर मीटरहून खोल आहे आणि तिथून वर येण्यासाठी लांबच लांब सरकते जिने आहेत. शहराच्या उत्तरेकडील छिंगहे स्थानकावरून गाडी अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. तिकिटे पासपोर्टवर आधी काढून ठेवावीत. बसनेच जायचे असेल तर देशेंगमेनहून ८७७ क्रमांकाची सार्वजनिक बस थेट बादालिंगला जाते; मात्र तिथेही गणवेशासारखे कपडे घातलेले लोक ‘आज ही बस बंद आहे’ असे सांगून दुसऱ्या गाडीकडे वळवतात, त्यांच्याकडे लक्ष न देता रांगेपर्यंत चालत जावे. ज्यांच्यासोबत वयस्क माणूस आहे त्यांना मी मुत्यान्यू सुचवेन, कारण तिथे गर्दी कमी असते आणि पाळणा वरपर्यंत नेतो.

आई-वडिलांचे आजार आणि औषधे यांची माहिती एका कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवावी, ती रुग्णालयात किंवा रुग्णवाहिकेत दाखवावी, पण सहलीच्या मार्गदर्शकाला सांगू नये. विम्यासाठी नाव आणि पासपोर्ट क्रमांक पुरतो. निघण्यापूर्वी घरी बसून एक गोष्ट दोघांनी मिळून ठरवावी, की परदेशात कुणीही, कितीही चांगल्या शब्दांत, औषध देऊ केले तरी घरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्याशिवाय त्याचे पैसे द्यायचे नाहीत. असे आधी ठरलेले असले म्हणजे आयत्या वेळी नकार देताना आई-वडिलांचे मन मोडल्यासारखे वाटत नाही. कुणी तुम्हा दोघांशी वेगवेगळे बोलू लागला, तर तिथून ताबडतोब उठावे. आणि फसवणूक झालीच असेल तर कृपा करून वडिलधाऱ्यांना बोल लावू नये. अण्णा पुढे कितीतरी वेळ गप्प होते, पैशांपेक्षा डॉ. कोटणीसांचे नाव त्यासाठी वापरले गेले हे त्यांना लागले होते, आणि त्या अवस्थेत त्यांना आणखी काही ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटले असते.

ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी गप्प बसू नये. पर्यटन कायद्याचे जे कलम मी वर सांगितले, त्यानुसार अशा रीतीने खरेदी करायला लावलेला माल सहल संपल्यापासून तीस दिवसांच्या आत परत करण्याचा आणि सहल कंपनीने आधी स्वतः पैसे परत द्यावेत अशी मागणी करण्याचा हक्क पर्यटकाला आहे. अडचण येते ती समोरचा नेमका कोण हे सिद्ध करण्यात, कारण रस्त्यावर मिळालेल्या कार्डावर कंपनीचे नाव नसते आणि करारपत्रही कुणी देत नाही. म्हणून पैसे देताना ‘फापिआओ’ म्हणजे करखात्याची अधिकृत पावती मागावी. ती द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच व्यवहार थांबवावा. आमच्याकडे ती नव्हती, पण वीचॅटवरच्या व्यवहाराच्या नोंदीत विक्रेत्याचे पूर्ण नाव होते, आणि वाहनतळावर आपली बस पुन्हा ओळखता यावी म्हणून तिच्या नंबरपाटीचे छायाचित्र मी काढून ठेवले होते. या दोन गोष्टींच्या आधारे दुसऱ्या दिवशी सकाळी १२३४५ या सरकारी तक्रार क्रमांकावर फोन केला. बीजिंगमध्ये तिथे इंग्रजीतही बोलता येते, तरी स्वागतकक्षातील त्या मुलीने आपले काम बाजूला ठेवून चिनी भाषेत सगळे पुन्हा समजावून सांगितले, आणि तिचे ऋण आम्ही विसरणार नाही.

आम्ही बीजिंग सोडण्यापूर्वी त्या केंद्राचा एक माणूस हॉटेलवर आला. काही न बोलता त्याने न उघडलेली आठ खोकी मोजून ताब्यात घेतली आणि ५,४४० युआन माझ्या कार्डावर परत जमा होत असल्याचा संदेश त्याच्यासमोरच मोबाइलवर आला. बँकेच्या चलन-विनिमयातील फरकामुळे रुपयांत थोडी रक्कम कमी आली. प्राध्यापकांनी फोडलेल्या दोन खोक्यांचे १,३६० युआन मिळाले नाहीत, आणि केंद्रावर पुढे काय कारवाई झाली याची आम्ही विचारणा केली होती, तिचे उत्तर अजून आलेले नाही.